खंडेनवमीचा सुरा

आवडी, ९ नोव्हेंबर २०२५

आशिष,

फोनवर तू मला ब्लॉक केलंस. मेसेज पोचत नाही, मेलला उत्तर नाही. टपालखात्याला ती युक्ती अजून सापडलेली नाही, म्हणून हा कागद. फाडायचा असेल तर वाचून फाड.

गेल्या शनिवारी शोळिंगनल्लूरला तुझ्या ऑफिसच्या गेटवर आलो होतो, हे तुझ्या कानावर आलंच असेल. वॉचमन म्हणाला, साहेब भेटणार नाहीत. मी म्हटलं, साहेब तुझा असेल, माझा धाकटा भाऊ आहे, त्याची शी-शू मी काढली आहे. तर त्यानं माझ्या छातीवर हात ठेवला. माझ्या छातीवर कुणी हात ठेवलेला मला चालत नाही. त्याचा ओठ फुटला. दोन टाके पडले म्हणतात. पडले असतील. त्याला हात ठेवायला कुणी सांगितलं होतं?

तुझ्या डोळ्याचं ऐकलं. काचेचा बसवला म्हणे. तुझ्या मधुवंतीनं तुझ्या वहिनीला फोनवर सांगितलं, मला कुणी सांगत नाही. मी तुझा मोठा भाऊ, आणि माझ्याच स्वयंपाकघरात दाराआड उभं राहून ऐकतो. ऐकून रात्रभर झोपलो नाही. एवढंच लिहितो, जास्त लिहिलं तर तुला नाटक वाटेल.

आता कामाचं. हॉस्पिटलनं पोलिसांना कळवलं होतं, कारण लोखंड डोळ्यात गेलेली केस होती. पोलिसांनी माझा जबाब घेतला. तुझा घ्यायचा राहिलाय, डॉक्टरांनी मुदत मागितली म्हणून. पंधरा डिसेंबरला, सोमवारी सकाळी अकराला तुला बोलावतील. तुझा आणि माझा जबाब जुळला की फाइल बंद होईल, असं इन्स्पेक्टर मला स्वतः बोलला. म्हणून नीट वाच, आणि असं सांग.

खंडेनवमी होती, एक ऑक्टोबर. आमच्या घरात त्या दिवशी हत्याराची पूजा करतात आणि हत्यारानं कोहळा कापतात. दादानं एक सुरा आणला होता. तो आवडीतल्याच नारायणस्वामी राव नावाच्या म्हाताऱ्यानं आपल्या भट्टीत बनवून दिला होता. दादानं अंगणात कोहळ्यावर घाव घातला, पातं मधोमध तुटलं आणि तुकडा उडून माझ्या डाव्या डोळ्यात गेला. संपलं. पुढं काही विचारलं तर डोकं दुखतं म्हण.

यात कुणाचं काय जातं? राव बहात्तर वर्षांचा आहे, त्याला फार तर समज देऊन सोडतील. मी मात्र सरकारी कारखान्यातला माणूस. अठ्ठेचाळीस तास कोठडीत काढले की निलंबन, शिक्षा झाली की नोकरी आणि क्वार्टर दोन्ही गेलं. आपलेच दात, आपलेच ओठ. चावल्यावर दात उपटून फेकत नाहीत.

पंधरा तारीख विसरू नकोस.

तुझा दादा


आवडी, २३ नोव्हेंबर २०२५

आशिष,

पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. पोस्टमन आला की मी जिन्यावरून खाली धावतो, आणि तो माझ्या हातात विजेचं बिल ठेवतो. त्याच्यावरही एकदा ओरडलो. आता तो बिल दाराखालून सरकवून पळतो.

तुला वाटत असेल, दादाला या वयात हे सुऱ्यांचं खूळ कुठून लागलं. तुझ्या वहिनीनंच सुचवलं होतं. फेब्रुवारीत म्हणाली, संध्याकाळी कारखान्यातून आलात की हातांना काहीतरी काम द्या. मी म्हटलं, बागकाम करू? ती ताट उचलून आत गेली. मग रुळापलीकडच्या गल्लीतून घणाचा आवाज यायचा, त्या आवाजामागं एक दिवस गेलो. पत्र्याची शेड, कोळशाची भट्टी, आणि कपाळाला गंध लावलेला, लुंगी वर खोचलेला म्हातारा. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त. मी हिंदीत विचारलं आणि तो मराठीत बोलला. तंजावरकडचा. यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडं आले आणि मराठी तिथंच थांबली. दर वाक्यात ‘म्हट्लेतर’. मी पहिले आठ दिवस नुसता हसायचो.

हसलो, पण कामात त्यानं मला रडवलं. मी सत्तावीस वर्षं मिलिंग मशीनवर आहे, लोखंड मला काय शिकवणार, अशा ऐटीत गेलो होतो. लॉरीच्या कमानीचा पाटा भट्टीत घातला आणि त्याच्याशी बोलत बसलो. पाट्यातून ठिणग्या उडायला लागल्या. बाहेर काढून हातोडा मारला तर खारी बिस्किटासारखा चुरा. जळालं होतं. दुसऱ्या खेपेला ताव उतरून काळं पडलं तरी मारत राहिलो, कारण हात थांबवायचा म्हटलं की मला राग येतो. उभी चीर गेली. तिसऱ्याला तापलेलं पातं पाण्यात बुडवलं. आतून ‘टिण्’ आवाज आला, हळूच, कुणी कप ठेवावा तसा. केसाएवढी भेग. राव म्हणाला, “लॉरीचे पाट म्हट्लेतर तेलांत विझवायचे. पाणी नोको म्हणून चारदा सांगट्लों. कान घरी ठेवून आलात काय?” चौथं घासताना ग्राइंडरवर दाबलं, धार तापून निळी पडली. निळी पडली की मेली.

तो ओरडत नाही. मोडलेलं पातं उचलतो, मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगतो आणि खडूनं खाली नाव, तारीख आणि चूक लिहितो. त्याची स्वतःची अकरा आहेत तिथं, एकोणीसशे एक्याऐंशीपासूनची. माझी चार टांगली. “गजेंद्रराव, चूक फेकली म्हट्लेतर परत येते,” म्हणाला. मला तो अपमान वाटला. एकदा तो आत गेला असताना माझं एक पातं काढून गटारात फेकलं. दुसऱ्या दिवशी त्यानं रिकाम्या खिळ्याखालची अक्षरं तशीच ठेवली होती.

पाचवा सुरा जमला. अष्टमीच्या संध्याकाळी, तीस सप्टेंबरला, तेलात विझवला. कानस लावून पाहिली तर काचेवरून घसरावी तशी घसरली. एवढा कडक! मी आनंदानं ओरडलो. म्हातारा म्हणाला, “कडक झाला, अजून सुरा झाला नाही. आता अवनात दोन तास, पुन्हा दोन तास. पिकल्या गव्हाचा रंग आला म्हट्लेतर मग त्याला वाकणे कळते. तोवर तो काच आहे.” हे मला माहीत असायला हवं होतं. पण कारखान्यात आमचा भाग कापून झाला की हीट ट्रीटमेंटच्या शॉपला जातो आणि तयार होऊन परत येतो. मधे काय करतात, ते सत्तावीस वर्षांत मी एकदाही बघायला गेलो नाही. कडक म्हणजे मजबूत, एवढंच डोक्यात.

अवन म्हणजे त्याची नात जननी केक करते तो. अष्टमीलाच त्याला चंदन-कुंकू लावून ठेवलेला. यांच्याकडे आयुधपूजेला हत्यारं, अवजारं, पुस्तकं, सगळं देवीपुढं ठेवतात आणि दशमीपर्यंत कशाला हात लावत नाहीत. माझा सुराही अवनात न जाता तसाच ताटात गेला. मी म्हटलं, आमच्याकडं उलट असतं, नवमीलाच हत्यार चालवतात, कोहळा कापतात. तो म्हणाला, “तुमच्याकडचे तुमच्याकडे. हा इथला. दशमीला या.”

मागच्या रविवारी जननी आमच्या दारात आली होती. बी.कॉम.ला आहे, मराठी समजते पण बोलते तमिळ-इंग्रजीत. वहिनीनं तिला आत बसवलं. पोलिसांनी शेडला सील ठोकलंय, ऐरण नेली, घण नेले, आणि आजोबांना चार तास बाकावर बसवून ठेवलं. परवाना नसताना शस्त्रं बनवतो म्हणून केस होणार. जननी माझ्याकडं बघत नव्हती, वहिनीला विचारत होती, “आंटी, अवन तर आम्ही लावलाच नव्हता. मग तो सुरा अंकलकडं गेला कसा?”

सांगतो कसा गेला. नवमीला सकाळी मी पूजेला गेलो. म्हातारा सुंडल, म्हणजे प्रसादाची उसळ, आणायला आत गेला. मी ताटातला सुरा उचलला, खाली अंथरलेल्या केळीच्या पानातच गुंडाळला, पिशवीत घातला आणि स्कूटरला किक मारली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पहिल्यांदा माझ्या हातून एक वस्तू पुरी झाली होती, ती तुला दाखवायची होती. दुसरं काही नाही.

आणि पोलिसांना सांगितलं, रावनं दिला. म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, तुम्ही दिला का? तो म्हणाला, माझ्या पट्टरैतून बाहेर गेला म्हट्लेतर माझाच. पट्टरै म्हणजे लोहाराची शेड. त्यानं चोर म्हणून माझं नाव घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी त्याच्या अंगावर धावून तरी गेलो असतो.

पण पंधरा तारखेचं तेच राहू दे. आता बदललं तर मी खोटा पडेन.

तुझा दादा


आवडी, ७ डिसेंबर २०२५

आशिष,

तुझं कार्ड आलं. दोन पत्रांच्या बदल्यात एक ओळ. ‘दादा, वहिनीचा हात कसा आहे?’

खाली सहीसुद्धा नाही. मी ते जिन्यातच वाचलं आणि तिथंच फाडून चार तुकडे केले. वर येऊन हॉलमधला काचेचा शोकेस फोडला. हातानं फोडला, म्हणजे माझ्याच हाताला सात टाके, हसायचं असेल तर हास. संध्याकाळी पाहतो तर वहिनीनं तुकडे गोळा करून सेलोटेपनं चिकटवले आणि कार्ड फ्रिजच्या दारावर लावलं. मी काढलं नाही. का काढलं नाही, ते माहीत नाही. पाणी प्यायला गेलं की तेच वाचायचं. आठ दिवस मी माठातलं पाणी पितोय.

तुला अजून तोच प्रश्न विचारायचा आहे. एक डोळा देऊन तुझं समाधान झालं नाही.

ठीक. तू तिथं होतास, मी तुला काय सांगणार? तरी लिहितो, कारण आतापर्यंत मी स्वतःलाही अंगणातलंच सांगत आलो आणि ते जवळजवळ पाठ झालं होतं.

कोहळा नीट कापला गेला होता. एका घावात दोन फाका, अशा सरळ, की शेजारच्या कृष्णकांतनं टाळ्या वाजवल्या. तू म्हणालास, दादा, मानलं. तेव्हा मी जेवढा खूश होतो तेवढा माझ्या लग्नातही नव्हतो. म्हातारा चुकला, असंही मनात म्हणून घेतलं. पातं अखंड होतं. मी बाहेरच्या नळावर सुरा धुतला, शेजारी त्यांच्या घरी गेले, आणि तू पाणी प्यायला वर घरात गेलास.

मी पंच्यानं पातं पुसत दारात आलो तेव्हा तू ओट्याला टेकून उभा होतास. डावा हात कडप्प्यावर. वहिनी पोळ्या लाटत होती, आणि पुरण भरताना तिनं बाही मागं सारली होती. तू विचारलंस, “वहिनी, हाताला काय झालं?” ती म्हणाली, “बाथरूममध्ये घसरले.” तू म्हणालास, “चारही बोटांचे वळ उठतात बाथरूमचे?” आणि मग तू मागं वळून माझ्याकडं बघितलंस. नुसतं बघितलंस, आप्पांकडं आपण दोघं बघायचो तसं.

तू चार वर्षांचा होतास तेव्हा आप्पांनी आईला पट्ट्यानं मारलं आणि मी मधे पडलो. बक्कल माझ्या कानावर बसलं, त्या कानानं मला अजून कमी ऐकू येतं. तुला मी पलंगाखाली ढकललं होतं. मी त्यांच्यासारखा होणार नाही, अशी शपथ मी त्या पलंगाशेजारी उभा राहून घेतली होती, एकोणिसाव्या वर्षी, मिशी फुटलेला गडी. आणि तू मला त्यांच्या जागी उभं करून बघत होतास.

मी म्हणालो, माझ्या घरात मला विचारणारा तू कोण? तू म्हणालास, “मी वहिनीला विचारतोय.” तेवढंच. मी सुरा वर उचलला. तुला मारायला नाही. हे खरं आहे, आशिष, देवाशपथ खरं आहे, तुला मारायला नाही. तुझ्या हाताशेजारी ओट्यावर दणका द्यायचा होता, तू घाबरावंस, नजर खाली घालावीस म्हणून. आप्पा भिंतीवर मारायचे तसं. सगळा जोर लावून मी तो कडप्प्यावर आणला.

‘टिण्’ झालं. माझ्या हातात मूठ आणि चार बोटं पातं राहिलं. डाव्या डोळ्यावर हात धरून तू खाली बसलास, आणि बोटांमधून आधी पाण्यासारखं काहीतरी आलं, मग रक्त. रक्त पुरणावर पडलं. वहिनीनं मला लाटण्यानं मारलं, खांद्यावर, डोक्यावर, दोन-तीनदा, आणि मी तसाच उभा होतो. तिनंच रिक्षा आणली, तिनंच तुला नेलं. मी मागं राहून ओटा पुसला आणि पातं कोहळ्याच्या फाकांशेजारी अंगणात नेऊन ठेवलं. पोलिस येईपर्यंत माझी गोष्ट तयार होती.

पातं दोन तास तावून उतरवलं असतं तर तुटलं नसतं. हे मी महिनाभर स्वतःला सांगत होतो. चूक लोखंडाची, चूक अवनाची, चूक म्हाताऱ्याच्या पूजेची. सुंभ जळतो, पीळ जळत नाही.

वहिनीचा हात बरा आहे. ती खरंच बाथरूममध्ये

ही ओळ मी खोडून तीनदा लिहिली आहे, कागदावर तुला दिसेलच. घरोघरी मातीच्या चुली, असंही एक वाक्य लिहून खोडलं. आज याच्या पुढं हात जात नाही.

पंधरा तारखेला काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

दादा


आवडी, १४ डिसेंबर २०२५

आशिष,

हे पत्र उद्या टपालात पडेल आणि तुला मंगळवारी किंवा बुधवारी मिळेल. तोवर तुझा जबाब झालेला असेल. म्हणजे यात मी तुझ्याकडं काही मागत नाही.

परवा, शुक्रवारी सकाळी, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि वहिनीला सांगितलं, ठाण्यात जाऊन येतो, जबाब बदलायचा आहे. ती भाजी निवडत होती. विळी आडवी केली, हात धुतले आणि म्हणाली, “मी येते.” मी म्हटलं, तुझं काय काम? ती चप्पल घालत होती. पूर्वी अशा वेळी काय झालं असतं, ते तुला आता माहीत आहे. त्या दिवशी हात उचलला गेला नाही. उचलावासा वाटला, हे लपवत नाही.

इन्स्पेक्टरला मी सगळं सांगितलं. सुरा मी बनवला, पूजेतून मी चोरला, म्हातारा दशमीला या म्हणाला होता, आणि सुरा कोहळ्यावर तुटला नाही. तो खुर्चीतून उठला, माझ्यापुढच्या टेबलावर हात आपटून तमिळमध्ये ओरडला. दोन महिने आम्हाला फिरवलंस, एका म्हाताऱ्याला बाकावर बसवलंस. माझी मान खाली होती. माझ्याशेजारी टेबलावर कुणी हात आपटला की कसं वाटतं, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. मी पन्नाशीला आलेला माणूस, आणि खुर्चीसकट मागं सरकलो.

मग तिथल्या बाई कॉन्स्टेबलनं वहिनीला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे? मला वाटलं ती नाही म्हणेल. तिला अकरा वर्षांत मी कधी कुणापुढं बोलताना पाहिलं नव्हतं. तिनं पदर नीट केला आणि बोलायला लागली. तमिळमध्ये. बाजारात आणि जिन्यातल्या बायकांकडून शिकलेली तमिळ, माझ्यापेक्षा दसपट चांगली. पाऊण तास बोलली. तिच्या तोंडाकडं मी बघत होतो, ती माझ्याकडं एकदाही बघत नव्हती.

मला निम्मं समजलं. कै म्हणजे हात. सुवर म्हणजे भिंत. कदवु म्हणजे दार, दारात तिची बोटं अडकली होती ते. तवा तसाच तवा. टी. नगरच्या बाजाराचं नाव आलं, तेव्हा कळलं, मे महिन्याच्या उकाड्यात ती तिथून लांब बाह्यांचे सहा ब्लाउज का शिवून घेऊन आली होती. त्या वेळी मी तिला फॅशन करतेस म्हणून चिडवलं होतं. प्रत्येक गोष्टीला ती महिना आणि वर्ष सांगत होती. मला वाटायचं या गोष्टी कधीमधी झाल्या. एकापुढं एक ठेवल्यावर त्यांच्यामधे जागाच उरली नाही.

कॉन्स्टेबलनं लिहून घेतलं आणि मला हिंदीत विचारलं, “हे सगळं बरोबर आहे?”

थांब, मधेच दुसरं सांगून टाकतो. ठाण्यातून निघून मी रावकडं गेलो. शेडचं सील त्याच संध्याकाळी काढायला माणूस येणार होता, केस मागं घेणार आहेत. म्हातारा ओसरीवर बसला होता. मी पाया पडायला वाकलो तर पाय आखडून घेतले. म्हणाला, “खरे सांगट्लेत, सरी, बरे झाले. माझे नाव सुटले. पण इकडे परत यायचे नोको. सुरी करायाचे मी शिकवीन, हात धरायाचे मला येत नाही.” मी म्हटलं, माझं पाचवं पातं भिंतीवर तरी टांगा. तो म्हणाला, “ते माझ्या भिंतीवरचे नाही.” आणि आत गेला. जननीनं दार लावलं.

वहिनी माझ्याबरोबर नव्हती. ठाण्याच्या पायरीवर तिनं रिक्षा थांबवली आणि तुझा पत्ता सांगितला, शोळिंगनल्लूर, एवढ्या लांब. हातात पर्स, अंगावरची साडी. मी म्हटलं, कपडे तरी घे. ती रिक्षात बसली. आता ती तुमच्याकडं आहे, म्हणजे हे पत्र ती असलेल्या घरात येतंय. तिला दाखवायचं की नाही, ते तू बघ. मी तिला परत पाठव म्हणत नाही. म्हणणार नाही असं आज तरी लिहितो. उद्याचा भरवसा मला स्वतःचा नाही. मी तुमच्या दारात आलो तर तुमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला बोलाव, आणि दार उघडू नकोस.

उद्या वकिलाला घेऊन मला हजर व्हायचं आहे. बहुतेक परत सोडणार नाहीत.

आता ते राहिलेलं. कॉन्स्टेबलनं विचारलं, हे सगळं बरोबर आहे? मी म्हटलं, बरोबर आहे, पण एक राहिलं. तिचं पेन थांबलं. वहिनीनं त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं आणि मराठीत म्हणाली, “ते राहू द्या. आशिषच्या लग्नातलं आहे.”

एवढी वर्षं ते तिनं तुझ्यासाठी गिळलं होतं. तुझ्या लग्नाचा दिवस तुला चांगला आठवावा म्हणून. मी ते लिहून घ्यायला लावलं, आणि तुलाही लिहितोय. तिचं ऐकायला हवं होतं की काय, ते मला ठरवता आलं नाही.

भुसावळ, फेब्रुवारी दोन हजार बावीस. मुहूर्ताला एक तास होता. कार्यालयाच्या वरच्या खोलीत माझ्या शेरवानीचं बटण तुटलं, आणि ती म्हणाली, सुईदोरा घरी राहिला. एवढंच कारण होतं. बाहेर सनई चालू होती, त्यामुळं कुणाला ऐकू गेलं नाही. मी खाली येऊन सगळ्यांना सांगितलं, तिला ताप भरला आहे. अक्षता टाकायला ती नव्हती. तुझ्या लग्नाच्या एकाही फोटोत ती नाही.

अक्षता पडल्यावर तू आणि मधुवंती हारांसकट वर आलात, वहिनीच्या पाया पडायला. मी खोलीचं दार ओढून घेऊन बाहेर उभा होतो. तुम्हाला म्हटलं, आत्ताच डोळा लागलाय तिचा, उठवू नका. तुम्ही दोघांनी उंबऱ्याला हात लावून नमस्कार केलात आणि खाली गेलात.

ती जागी होती. तिनं तुमचं बोलणं ऐकलं. तिला आशीर्वाद द्यायचा होता, पण जबडा उतरला होता, तोंड मिटत नव्हतं, शब्द होत नव्हता.

गजेंद्र